‘डबा लावा, चलन टाळा’ या मेसेजवर विश्वास ठेवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: “भावा, हायवेला स्पीड गन लावल्यात. रडार डिटेक्टर घे, किलोमीटरभर आधी कळतंय. गाडी एमएच पासिंगची असली तर कर्नाटकाचं चलन लागतच नाही. फास्टॅग आणि नव्या नंबर प्लेटमधल्या चिपवरून मात्र स्पीड मोजतात, म्हणून टॅगला चांदीचा कागद गुंडाळ.” हे वाचून माझ्या भाच्यानं हा डिटेक्टरचा डबा मागवला आणि काचेला चिकटवला. त्याच्या काळजीपोटीच हे लिहितोय.

आधी डब्याचं बघू. रडार गन रेडिओ लहरी सोडते. धावत्या गाडीवर आपटून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदललेली असते, त्या फरकावरून वेग निघतो. या लहरी दूरवर पसरतात, त्यामुळे त्यांचा सुगावा आधी लागू शकतो. मेसेजातलं एवढंच खरं. लेझर गनचं तसं नसतं. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे झटके सोडते आणि तो झोत ३०० मीटरवरसुद्धा जेमतेम मीटरभर रुंद असतो. तो तुमच्याच गाडीवर पडल्याशिवाय डब्याला कळणार नाही, आणि पडल्यावर वेग मोजायला सेकंदही लागत नाही. म्हणजे डबा वाजेपर्यंत मोजणी झालेली असते. भाच्याचा डबा शोरूमच्या आपोआप उघडणाऱ्या दारासमोरही वाजतो, कारण अशा दारांचे सेन्सर आणि पोलिसांची बरीच रडारं २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतात.

नंबर वाचणारे कॅमेरे तर कसल्याच लहरी न सोडता काम करू शकतात. दोन ठिकाणी पाटी वाचायची, मधल्या अंतराला लागलेल्या वेळानं भागायचं. २० किलोमीटर १० मिनिटांत कापले तर सरासरी १२० झाली. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून काय उपयोग? पुढची पायरी म्हणून कोणी पोलिसांच्या यंत्राच्या लहरी बिघडवणारा जॅमर सुचवेल, तर खासगी माणसानं सिग्नल जॅमर वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे.

एमएच पासिंगचा मुद्दा आपल्या भागात खोलवर रुजलाय. कर्नाटकात गाडीचा कर जास्त, म्हणून कोल्हापूरच्या पाहुण्याच्या नावावर एमएच ०९ घेणारी घरं सगळ्यांना माहीत आहेत. पण गाड्यांची नोंद ‘वाहन’ या देशभराच्या प्रणालीत असते. पाटीवरून मालक सापडायला राज्याची हद्द आड येत नाही. चलन त्या पाहुण्याच्या मोबाइलवर जातं, आणि तुमच्या वेगापायी त्याच्या नावावर थकबाकी चढते. शिवाय परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथं ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथली नोंदणी घ्यावी लागते.

चिपची गोष्ट निव्वळ अफवा. नव्या पाटीवर होलोग्राम आणि लेझरनं कोरलेला क्रमांक असतो, जीपीएस नसतं. फास्टॅगला बॅटरीसुद्धा नसते. नाक्यावरच्या रीडरच्या लहरींनी तो जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि गप्प बसतो. तो वेग मोजत नाही. २०२१ साली आलेल्या मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे चलनासाठी वापरायच्या यंत्राला प्रमाणपत्र लागतं, आणि अशा यंत्राची नजर असलेल्या रस्त्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक हवा. फलक नसेल तर तक्रार जरूर करा, तो आपला हक्क आहे. चांदीच्या कागदानं एवढंच होईल की कोगनोळीच्या नाक्यावर टॅग वाचला जाणार नाही आणि जादा टोल भरावा लागेल.

मेसेजमागची एक भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. आपण कधी, कुठून गेलो याची नोंद राहते. ती कोण बघतं आणि किती दिवस ठेवतं, हे विचारायलाच हवं. खासगीपणा मूलभूत हक्क ठरला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालात, आणि तो खटला लढणारे पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. भांडायचं तर तिथं भांडूया, मी पुढे असेन.

पण वेगाचं काय? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालानुसार त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. चौपदरी रस्त्यावर कारला केंद्राची कमाल मर्यादा १०० आहे. ६० वरून १०० वर गेलात की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर पावणेतीन पटीनं वाढतं. गळीत हंगामात रात्री वंटमुरीच्या उतारावर मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढ्यात येते. तिच्यातून रडारच्या लहरी निघत नाहीत, त्यामुळे भाच्याचा डबा तेव्हा वाजणार नाही.