वीस मीटरवरची नंबरप्लेट

इंग्लंडमध्ये पोलीस रस्त्यात गाडी थांबवून चालकाची नजर तपासू शकतात, हे गावाकडे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग मिटवायचे किती घेतात?" त्यापाठोपाठ सुस्कारा, "तिकडचे कायदेच कडक हो, आपल्याकडे कसलं काय!" प्रश्नाकडे नंतर वळतो. सुस्काऱ्याचा निकाल आधी लावायला हवा, कारण कागदावर आपलाच नियम जास्त कडक आहे.

ब्रिटनमध्ये चांगल्या उजेडात २० मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. चष्मा चालतो. आपल्या आरटीओच्या फॉर्म १ मध्ये हेच अंतर २५ मीटर आहे आणि विचारणा दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी आहे. चाळिशी उलटली की फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ब्रिटनमध्ये साधं कारचं लायसन्स सत्तरीपर्यंत चालतं, पुढे दर तीन वर्षांनी नूतनीकरण, आणि तिथेही "मला नीट दिसतं" हे आपणच लिहून द्यायचं. एप्रिल २०२५ मध्ये लँकेशायरच्या कॉरोनरने, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नजर अधू असलेल्या चालकांमुळे गेलेल्या चार बळींची चौकशी केली आणि ही पद्धत युरोपात सर्वांत ढिली असल्याचं सुनावलं. सत्तरीपुढच्यांना डोळेतपासणी सक्तीची करायचा विचार सरकार आता कुठे करू लागलंय.

मग फरक कुठे पडतो? आमच्याकडे आरटीओबाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटकडे फॉर्म १-अ चा गठ्ठा असतो. सही-शिक्का आधीच मारलेला, फक्त नाव घालायचं बाकी. मी विचारलं, डॉक्टर कुठे बसतात? तो म्हणाला, "डॉक्टर कशाला? तुम्हाला दिसतंय ना?" माझ्या चष्म्याकडे एकदा बघून त्याने फॉर्म भरून टाकला. इथे इंग्लंडमध्ये मात्र बायकोच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशी परीक्षकाने गाडीत बसायच्या आधीच लांब उभ्या असलेल्या एका कारकडे बोट दाखवून "नंबर वाचा" म्हटलं. चुकला तर दुसरी गाडी, तीही चुकली तर तिसऱ्या गाडीचं अंतर रीतसर मोजतात. तरीही जमलं नाही तर टेस्ट तिथेच संपते. सगळा मिळून मिनिटभराचा मामला, ना यंत्र, ना फॉर्म.

हेच साधं हत्यार पोलिसांच्याही हातात आहे. १९८८ च्या इथल्या वाहतूक कायद्यात नजर अधू असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि पोलिसाने सांगूनही प्लेट वाचायला नकार देणं हाही गुन्हा. तरी २०११ मध्ये एसेक्समधल्या कोलचेस्टरला जे घडलं ते घडलंच. ८७ वर्षांचे एक गृहस्थ पोलिसांच्या नजरचाचणीत नापास झाले. लायसन्स द्या म्हणून पोलिसांनी त्यांची मनधरणी केली, ते बधले नाहीत, आणि जागच्या जागी लायसन्स रद्द करायची सोय कायद्यात नव्हती. तीन दिवसांनी त्यांची गाडी फुटपाथवर चढली आणि कॅसी नावाची सोळा वर्षांची मुलगी गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला. २०१३ पासून पोलीस थेट लायसन्स खात्याला कळवतात आणि लायसन्स तातडीने रद्द होतं. लोक याला कॅसीचा कायदाच म्हणतात. दंड कमाल हजार पौंड आहे, पण धाक त्याचा नाही. गाडी आता घरी नेता येणार नाही, याचा आहे.

२०१८ च्या सप्टेंबरात आमच्या थेम्स व्हॅलीसह हॅम्पशायर आणि वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी तर महिनाभर थांबवलेल्या प्रत्येक चालकाला प्लेट वाचायला लावली. (याच देशात २०२० च्या लॉकडाउनमध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी नजर ठीक आहे का हे बघायला बायको-मुलाला बसवून बार्नार्ड कॅसल या गावापर्यंत गाडी हाकली होती. कडकपणाचे गोडवे गाताना हेही लक्षात असू द्यावं.)

आता चिरीमिरीचा प्रश्न. भीती खरी आहे. पण वेग किती होता यावर वाद घालता येतो, तसा वीस मीटरवरच्या प्लेटवर घालता येत नाही. चार माणसं जमली तर त्यांनाही दिसतं, वाचता येतंय की नाही. आपल्याकडे अडचण वेगळीच होती. आकड्यांतून 'दादा' आणि 'मामा' काढणाऱ्या प्लेटा गरुडालाही वाचता आल्या नसत्या. आता मुदती वाढवत वाढवत का होईना, जुन्या गाड्यांवरही एचएसआरपी, म्हणजे सरकारी साच्यातली नंबरप्लेट, येतेय. एकाच मापाचे, एकाच वळणाचे आकडे म्हणजे डोळे तपासायचा आयता तक्ताच.

कायदाही नव्याने करायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार चालक आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे अपात्र वाटला तर आरटीओ लायसन्स रद्द करू शकतं, निदान वैद्यकीय प्रमाणपत्र तरी मागू शकतं. कलम १८६ मध्ये दंडही आहे, पहिल्यांदा हजार रुपये. पण तिथे चालकाला आपला दोष ठाऊक असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि मोतीबिंदू हळूहळू वाढतो, बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. चौकातल्या हवालदाराच्या हातात ई-चलानचं मशीन आहे. त्यातून आरटीओला "हा चालक प्लेट वाचू शकला नाही" एवढा निरोप जाण्याची सोय झाली तर दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा फरक जास्त पडेल. काचबिंदूत बाजूचं दिसेनासं होतं, ते प्लेट वाचून कळणार नाही, हेही खरं. त्याला डॉक्टरच हवा, ताडपत्रीखालचा नव्हे.

पण आमच्या घरच्या ग्रुपवर गाडं अडतं ते भलतीकडेच. माझे मामा अठ्ठ्याहत्तरचे, रोज स्कूटरवरून मंडईत जातात, संध्याकाळी समोरच्या लाइटचा त्रास होतो म्हणतात. त्यांची किल्ली काढून घ्या, असं आम्ही भाचेमंडळी पुण्यातून, दुबईतून, इंग्लंडमधून लिहीत असतो. इथे शेजारच्या आजोबांनी लायसन्स सोडलं तेव्हा त्यांच्याकडे फुकट बसपास होता आणि कोपऱ्यावर स्टॉप होता. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, पण एसटी मंडईच्या दारात थांबत नाही. मंडईत त्यांना नेणार कोण, असं मामींनी एकदा ग्रुपवर विचारलं. त्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही, मीही नाही.