नव्या डिफेंडरमध्ये बसून आलो आणि झोप उडाली

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. बाहेर पाऊस अजून पडूनच राहिलाय. सकाळी सातला ड्युटी आहे, घरचे केव्हाचे झोपले आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हे टाइप करतोय. पोस्ट लांब होणार आहे.

आज माझ्या लहानपणच्या मित्राच्या नव्या डिफेंडरमध्ये, म्हणजे लँड रोव्हरच्या त्या दणकट गाडीत, बसलो. त्याचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि तोही वाचेलच. वाचावं त्यानं.

आधी गाडीबद्दल लिहितो, कारण गाडीवर माझा काही राग नाही. २९ जानेवारी २०१६ ला इंग्लंडातल्या सॉलिहलच्या कारखान्यातून शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं मला झालं होतं. २०१९ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला नवी दाखवली, तेव्हा फोटो पाहून मी इथंच चिडून लिहिलं होतं. चेसिस, म्हणजे खालची वेगळी पोलादी चौकट, काढून टाकली, सगळं ॲल्युमिनियमचं एकसंध कवच केलं, कोपरे झिजलेल्या साबणासारखे गोल केले, वगैरे. ते शब्द आज मागे घेतो. समोर उभी राहिली की कळतं. चौकोनी, उंच, खांद्यात भरलेली. मागचं दार अजून बिजागरीवर कडेला उघडणारं, त्यावर स्टेपनी टांगलेली. छताच्या कडेच्या त्या लहान काचासुद्धा ठेवल्यात. आत डॅशबोर्डची मॅग्नेशियमची तुळई झाकलेली नाही, तशीच दिसते, आणि बाजूला धरायला मुठी आहेत. बाबांच्या जीपमध्ये मी जी मूठ धरून बसायचो तिची आठवण झाली.

रंग मातकट. कागदावर रंगाचं नाव 'गोंडवाना स्टोन'. मित्राला वाटत होतं की हे आफ्रिकेकडचं काहीतरी आहे. मी त्याला सांगितलं की बे, हे आपल्याच मुलखाचं नाव आहे. आफ्रिका, भारत वगैरे एकत्र होते त्या पुरातन भूखंडाला गोंडवाना म्हणायला लागले ते आपल्या या गोंडांच्या प्रदेशावरून. आपलं नागपूर वसवणारा बख्त बुलंद शहा गोंड राजा. इंग्लंडातल्या कंपनीनं आपल्या गाडीला आपल्या मातीचं नाव दिलंय, आणि कंपनीही २००८ पासून टाटांकडे आहे. गाडी बनते मात्र स्लोव्हाकियात, नित्राला. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा, खरंच सांगतो.

सकाळी आधी टेकडी गणपतीला पूजा झाली. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, बरोबर होत्या. त्यांचे गुडघे गेलेत, ऑटोत चढतानाही आई गं म्हणतात. त्यानं बटण दाबलं आणि गाडी दोन बोटं, म्हणजे ५० मिलिमीटर, खाली बसली. काकू पाय उचलून आत गेल्या, कुणाचा हात न धरता. काकूंच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी कोटीची गाडी घेतली तर घेतली. माझं काही म्हणणं नाही. पैसा त्याचा, मेहनत त्याची.

काकूंना घरी सोडून आम्ही दोघं उमरेड रोडनं भिवापूरकडे निघालो. तिकडे त्यानं शेत घेतलंय. पाऊस सकाळपासून झोडपत होता. डांबरी सोडून पांदणीला लागलो तर रेगडाचा तो चिखल, जो चपलेसकट पाय ओढून घेतो. माझी स्कूटी तिथं दहा फूट गेली नसती. त्यानं चिखलाचा मोड लावला आणि गाडी हातभर उंच झाल्यासारखी वाटली. हातभर नाही, पण पूर्ण उचलली की पोटाखाली २९१ मिलिमीटर जागा राहते. आणि ती चालली. न घसरता, न रडता. चेसिस गेली म्हणून मी केलेली आरडाओरड त्या पांदणीतच वाहून गेली.

पुढे नाला होता. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. इथं मला बाबा आठवले, आणि आता ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझे बाबा आरोग्य खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. १९८६ साली आम्ही आलापल्लीला होतो, मी चौथीत. पोळ्याच्या सुट्टीत हा मित्र आमच्याकडे राहायला आला होता. बाबा आम्हा दोघांना जीपमध्ये घेऊन भामरागडच्या रस्त्याला निघाले, औषधांची खोकी पोचवायला. वाटेत नाला भरलेला. बाबांनी जीप थांबवली, पॅन्ट गुडघ्यावर दुमडली, बांबू घेतला आणि स्वतः पाण्यात उतरले. पाणी मांडीपर्यंत. परत येऊन बॉनेट उघडलं आणि फॅनचा पट्टा काढला, म्हणजे पंखा डिस्ट्रिब्युटरवर, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डबीवर, पाणी उडवणार नाही. मग पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, पलीकडे. पलीकडे गेल्यावर बराच वेळ ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवली. मी विचारलं काऊन, तर म्हणाले ब्रेक ओले झाले, घासून वाळवतो.

आज मित्राच्या गाडीत काय झालं ऐका. आरशाखालच्या सेन्सरनं पाणी मोजलं आणि पडद्यावर दाखवलं. ९०० मिलिमीटरपर्यंत जायची तिची ताकद, नाल्यात त्याच्या निम्मंही नव्हतं. पाण्याचा मोड लावला तशी ती स्वतः उंच झाली, थ्रॉटल मऊ केलं, बाहेरची हवा आत घेणं बंद केलं. आणि पलीकडे चढल्यावर, राजेहो, तिनं स्वतःचे ब्रेक हलके घासून वाळवले. कुणी न सांगता. बाबा जे पायानं करायचे ते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. कुठल्यातरी दूरदेशी बसलेल्या इंजिनिअरला माझ्या बाबांचा पाय माहीत होता, असं वाटलं मला. मित्रालाही आठवलं. तोच म्हणाला, "काकांची जीप आठवते बे? काका कसे पाण्यात उतरले होते?" आम्ही दोघंही गप्प झालो जरा वेळ.

हे त्यानं स्वतः म्हटलं होतं. हे लक्षात ठेवा.

परत येताना उमरेड सोडलं. पाचगाव यायचं होतं. दुपारचे अडीच-पावणेतीन. धो धो पाऊस. रस्त्याच्या कडेला एक बाई आणि एक पोरगं. बाईच्या डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पोराच्या पाठीवर शाळेचं दप्तर आणि त्यावर पन्नी बांधलेली. वर छप्पर नाही, आजूबाजूला झाड नाही. पोरानं हात केला. मित्रानं वेग कमी केला. मला वाटलं थांबतोय. मी मागच्या सीटवरची माझी पिशवी उचलायला वळलोसुद्धा.

तो म्हणाला, "सीटा फिक्या रंगाच्या आहेत बे. डाग जात नाही." आणि गाडी पुढं काढली.

नऊशे मिलिमीटर पाण्यातून जाणारी गाडी. ९०० किलोपर्यंत वजन वाहणारी गाडी. म्हाताऱ्या माणसासाठी खाली बसणारी गाडी. आणि तिला एक भिजलेलं पोरगं जड झालं!

आता १९८६ चं राहिलेलं सांगतो. नाल्यापलीकडे माडिया गोंड लोक उभे होते, एक म्हातारा, दोन बाया, एकीच्या काखेत तापलेलं लेकरू. सगळे नखशिखांत भिजलेले. बाबांनी सीटखालून पोतं काढलं. ते पोतं कायम तिथं घडी करून असायचं, त्याला पेट्रोलचा, चिखलाचा आणि माणसांचा वास यायचा. बाबांनी ते मागच्या बाकावर अंथरलं आणि सगळ्यांना बसवलं. जागा पुरेना म्हणून मी आणि हा माझा मित्र, आम्ही दोघं त्या ओल्या पोत्याच्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसलो. बरोबरचा कंपाउंडर कुरकुरला, सीट खराब होईल, साहेब बोलतील. बाबा म्हणाले, "सीट वाळते न बे."

एवढंच. यापलीकडे त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गोंडवाना म्हणतात तो मुलूख तो, आणि त्या नावाची माणसं माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. आज ते नाव त्या गाडीच्या रंगाच्या कागदावर छापलंय.

ही गाडी कुणासाठी जन्माला आली ते तरी माहीत हवं की नको? १९४७ साली रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावर आपल्या शेतात लढाईतून उरलेली अमेरिकन विलीज जीप वापरत होते. ती गेली की काय घ्यायचं, या विचारातून शेतकऱ्याच्या कामाची गाडी काढायचं ठरलं आणि त्यांनी तिचा आकार समुद्रकाठच्या वाळूत रेखाटला. १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पोलाद मिळत नव्हतं म्हणून अंग ॲल्युमिनियमचं. तिच्या इंजिनावर शेतीची यंत्रं चालायची. डिफेंडर हे नाव फार नंतरचं, १९९० चं. आणि बाबांची महिंद्राची जीप त्याच विलीजच्या वंशातली. म्हणजे बाबांची जीप आणि मित्राची गाडी चुलत बहिणीच झाल्या. शेतात, चिखलात, ओल्या माणसांत राबायलाच ही जात जन्मली. आजही या नव्या गाडीत रबरी फ्लोअर मिळतो आणि दाराला उंच उंबरा ठेवलेला नाही, म्हणजे चिखल सरळ झाडून बाहेर काढता यावा. बनवणाऱ्यांनी चिखल आत येणार हे धरूनच ती बनवली आहे. फिक्या रंगाच्या सीटा निवडल्या आपण.

मला माहीत आहे खाली काय येईल. आजकाल रस्त्यात कुणालाही गाडीत घेणं बरं नाही, काहीही होऊ शकतं. बरं, मान्य. पण ती बाई होती आणि दहा वर्षांचं पोरगं होतं, आणि आम्ही दोघं पन्नाशीला आलेले धडधाकट पुरुष. भीती वाटली म्हणून तो पुढं गेला नाही. त्यानं भीतीचा शब्दही काढला नाही. त्यानं सीटा म्हटलं.

आणि ज्यांना वाटतं गाडीवाल्यांवर जळतो हा, त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

थोडं पाणी पिऊन आलो. वरचं वाचलं. खोडणार नाही, पण हेही लिहायला पाहिजे. हा माणूस वाईट नाही. बाबांना मेडिकलमध्ये ठेवलं होतं तेव्हा सलग चार रात्री तो व्हरांड्यात चटईवर झोपला होता. घरी जा म्हटलं तरी गेला नाही. त्यानं कुणाकडून काही मागून घेतलेलं नाही, अठराव्या वर्षापासून राबतोय. नवी गाडी आहे, आठ दिवस झालेत, पहिल्या ओरखड्याची धास्ती असते. ते मी समजू शकतो. माझ्या पहिल्या सायकलच्या सीटचं प्लास्टिक मी सहा महिने काढलं नव्हतं.

पण तो त्या पोत्यावर बसला होता. माझ्याबरोबर. त्या तापलेल्या लेकराचे पाय त्याच्या मांडीवर होते, हे मला अजून दिसतं. आणि आज नाल्यात त्याला काकांचं पाण्यात उतरणं आठवलं, बांबू आठवला असेल, पट्टा आठवला असेल. पोतं कसं आठवलं नाही?

आणि मी? मी काय केलं? मी बोललो नाही. खरा राग तिथं आहे माझा. "थांब" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी आरशात बघत राहिलो. पोरानं हात खाली घेतला, बाईनं त्याला पन्नीत ओढलं, मग पावसात ती दोघं पुसट झाली. दिघोरीपर्यंत आम्ही सीटांबद्दल आणि मायलेजबद्दल बोलत होतो. मी हो हो करत होतो. घरी उतरताना थँक्यू म्हटलं मी त्याला. गाडी मस्त आहे म्हटलं. आहेच मस्त. बाबा असते तर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं असतं, खाली वाकून सगळं बघितलं असतं, आणि मग सीटखाली हात घालून पाहिला असता, पोतं ठेवायला जागा आहे का म्हणून.

उमरेड, पाचगाव, कुहीकडचं माझ्या यादीत कुणी असेल तर एक काम करा. आज दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान, उमरेडहून नागपूरकडे येताना पाचगावच्या अलीकडे, डाव्या हाताला. बाईच्या डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पोराचं दप्तर निळं. त्यांना एसटी मिळाली का, घरी कधी पोचली, कुणाला कळलं तर मला सांगा. रात्री कितीही वाजता सांगितलं तरी चालेल.