ओहोटी कुणाच्या बापाचं ऐकत नाही

डिसेंबरात सगळ्या खानदानाने अंदमानला जायचं ठरलं आणि प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर "तुला लॅपटॉप येतो". मला वाटलं गाईड ठरवला, बोटी बुक केल्या की झालं.

पहिला वाद सेल्युलर जेलवरून. काकांना तिथे पूर्ण दिवस हवा. सात विंग बांधल्या होत्या, आता तीनच उरल्यात, असं मी बोललो तर म्हणाले मग त्या तीन तरी नीट बघू दे. सावरकर बंधू एकाच तुरुंगात होते पण सुरुवातीला एकमेकांना पत्ताच नव्हता, हे ते ग्रुपवर अधूनमधून सांगतच असतात, त्यामुळे गाईडला बोलायला चान्स मिळेल असं वाटत नाही. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे हे आत्याच्या गुडघ्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग बाराटांग. मॅन्ग्रोव्हमधून स्पीडबोट, चुनखडीच्या गुहा, मड व्होल्कॅनो, सगळ्यांना पाहिजे. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या चेकपोस्टवरून ठरलेल्या वेळी गाड्यांचा काफिला सुटतो, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, त्यांना खायला द्यायचं नाही, आणि पहिला काफिला गाठायचा तर हॉटेलमधून मध्यरात्रीनंतर कधीतरी निघायचं. भाऊजी म्हणाले, "अरे मग वाटेत चहाला कुठे थांबायचं?" आत्या म्हणाली मी चकल्या घेते, वाटेत कुणाला देता येतील. नियम परत वाचून दाखवला. आत्या रुसली. (नियम बरोबरच आहे, ती माणसं काय आपल्या टाइमपासला नाहीत तिथे.)

सूर्याचंही निराळंच. घड्याळ आपलंच पण जागा इतकी पूर्वेला की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्याकडे दुपारची झोपच तेव्हा संपते, म्हणजे राधानगर बीचचा सनसेट आम्ही उशीवरूनच बघणार.

सगळ्यात छळलं ते नील बेटावरच्या नॅचरल ब्रिजने. तो दगडी पूल नीट बघायचा तर ओहोटीच लागते, आणि ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मी भरती-ओहोटीचा तक्ता, फेरीचं टाइमटेबल आणि काकांच्या गोळ्यांच्या वेळा शेजारी शेजारी मांडून बसलो. जेमतेम एकच दिवस जुळला. ग्रुपवर टाकला, अंगठे आले, मी फेरीची तिकिटं काढायला घेतली तर काकूंचा मेसेज, "त्या दिवशी संकष्टी आहे, मी उपाशी पाण्यातल्या दगडांवरून चालणार नाही."

ओहोटी हलवता येत नाही आणि काकूही. शेवटी सहज चंद्रोदय बघितला तर तिकडे पुण्यापेक्षा तासभर तरी आधी. काकूंना कळवलं. पाच मिनिटांनी रिप्लाय आला, "बघ, पुढच्या महिन्याच्या संकष्टीपर्यंत राहता येईल का?"