गेम सुटतो तो वेळेअभावी नव्हे

पस्तिशी ओलांडल्यावर गेम का खेळवत नाहीत, असा विषय मित्रमंडळींत निघाला की 'वेळ कुठे आहे?' हे उत्तर ठरलेले असते. मला ते पटत नाही. हीच मंडळी रात्रीची जेवणे उरकल्यावर तासभर रील्स पाहत बसतात आणि आयपीएलचा रटाळ सामनासुद्धा शेवटच्या चेंडूपर्यंत सोडत नाहीत.

दुसरे उत्तर हातांच्या वेगाचे, आणि त्यात थोडे तथ्य आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी 'स्टारक्राफ्ट २' खेळणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रतिसादाचा वेग वयाच्या २४व्या वर्षापासूनच उतरणीला लागतो, असे त्यांना आढळले (२०१४). पण वेगाचा काडीचाही संबंध नसलेला, सावकाश विचार करून एकेक चाल करायचा 'सिव्हिलायझेशन'सुद्धा माझ्याकडून मागे पडला आहे. त्याचा दोष बोटांना कसा द्यावा?

माझ्या मते गेम सुटतो तो त्याच्या मागणीमुळे. चित्रपट आपण पेंगलो तरी पुढे सरकतो, गेम मात्र आपण काही ठरवल्याशिवाय जागचा हलत नाही, आणि दिवसभर कार्यालयात व घरात निर्णय घेऊन शिणलेल्या माणसाला रात्री दहा वाजता आणखी निर्णय नको असतात. त्यात खंड पडला तर अधिकच पंचाईत होते. २०१८ साली आलेल्या 'रेड डेड रिडेम्प्शन २'चे पहिले प्रकरण बर्फाळ डोंगरात, इतक्या संथपणे चालते की कामाच्या आठवड्यात तेच संपता संपत नाही. महिन्याभराने परत यावे, तर ज्या बटणाने समोरच्याशी बोलायचे, त्याच बटणाने हातात शस्त्र असताना नेम धरला जातो, हे बोटे विसरलेली असतात. 'रामराम' करायला गेलेला नायक भर बाजारात बंदूक रोखून उभा राहतो आणि पोलीस मागे लागतात. दहाव्या वर्षी याचे हसू आले असते. आता कंटाळा येतो.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या, कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर आम्ही 'सुपर मारिओ' खेळायचो. त्यात खेळ जतन करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे सातव्या जगात पोहोचल्यावर वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरी कोणी तक्रार करत नसे, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरे काही करायचे नव्हते आणि दुसरी कॅसेट कोणी घेऊन देणार नव्हते. आज स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या सेलमध्ये स्वस्तात घेतलेल्या, एकदाही न उघडलेल्या गेमांची रांग लागली आहे, आणि त्यांतला एक जरा अडला की दुसऱ्यावर उडी मारता येते, म्हणून कोणत्याच गेमशी झटापट होत नाही.

मोबाइलवरच्या गेमांबद्दल न बोललेलेच बरे. रोजची कामे, ठरावीक मुदतीचे सीझन, जादा बक्षिसांसाठी विकत घ्यायचा रॉयल पास, आणि एक दिवस चुकला तर बुडणारे बक्षीस. हे हजेरीपुस्तक मला कार्यालयात पुरेसे आहे.

घरचे समाधानाने म्हणतात, 'सुटला एकदाचा नाद!' पण यात शहाणपण आल्याचे काही लक्षण मला दिसत नाही, कारण सुटला आहे तो केवळ नाद नव्हे, एकाच जागी वीस वेळा हरूनही पुन्हा बसण्याचा चिवटपणाही सुटला आहे. नवे सॉफ्टवेअर शिकतानाही तो मला कमी पडतो.

अजून टिकून आहे तो वरून पडणारे ठोकळे रचायचा, १९८४ सालचा 'टेट्रिस'. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट नाही, विसरायची बटणे नाहीत आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक डाव हमखास हरून होतो.