स्टेशनचं वाय-फाय टिकत नाही म्हणून फोन खोलायला देऊ नका

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान रेल्वे स्टेशनच्या बाहेरच आहे. "घरचं वाय-फाय मस्त चालतं, स्टेशनवरचं लागतं आणि लगेच सुटतं" ही तक्रार माझ्या काउंटरवर जवळजवळ रोज येते. घरी चालतं म्हणजे फोनचं वाय-फाय शाबूत आहे. तरीही लोक पैसे घालवून बसतात. कुणी त्यांना "वाय-फायची आयसी (म्हणजे चिप) गेली" म्हणून सांगतो आणि फोनच्या आतल्या बोर्डाला हीट मारतो. कुणी "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणतो आणि त्यात लेकरांचे सगळे फोटो जातात. हे करणारी माणसं माझ्याच धंद्यातली आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

कुठल्याही दुकानात जाण्याआधी एक तपासणी स्वतः करा. शेजारच्याला त्याचा हॉटस्पॉट चालू करायला सांगा, तुमचा फोन त्याला जोडा आणि एखादा व्हिडिओ लावून चहा पिऊन या. नेट तुटलं नाही तर फोन खोलायचं काही कारण नाही. वाय-फायचं बटण राखाडी पडलंय आणि दाबून चालूच होत नाही, किंवा घर, ऑफिस, हॉटस्पॉट सगळीकडेच कनेक्शन सुटतंय, तेव्हा हार्डवेअरचा संशय घ्यायचा.

परवा पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा आला. दुसऱ्या एका दुकानात त्याला आयसी बदलायचा खर्च सांगितला होता, आणि तो खर्च ऐकून बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. माझ्या हॉटस्पॉटवर त्याचा फोन ठणठणीत चालला. मग त्याला घेऊन प्लॅटफॉर्मवर गेलो. नेटवर्क जोडलं, लॉगिनचं पान आलं, नंबर टाकला, ओटीपी आला, "कनेक्टेड" दिसलं. आणि मग खाली बारीक अक्षरात ओळ आली: प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर अ‍ॅक्सेस करता येत नाही. खरं दुखणं त्या एका ओळीत होतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय. गेममधल्या जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून मित्राने त्याच्या सेटिंगमध्ये एक डीएनएस पत्ता टाकून दिला होता. घरच्या वाय-फायला तो चालतो, पण काही सार्वजनिक नेटवर्क त्या वाटेने जाणारी माहिती अडवतात. फोनला वेबसाइटचे पत्तेच मिळत नाहीत, मग तो "इंटरनेट नाही" असं ठरवतो आणि बाजूला होतो. सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" शोधून ते "ऑटोमॅटिक"वर ठेवलं, काम झालं. स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावावा लागला नाही.

तर सगळ्यात आधी फोन काय लिहून दाखवतोय ते वाचा. आमच्याकडे येणारे "चालत नाही" एवढंच सांगतात, पण फोनने कारण बहुतेक वेळा सांगून टाकलेलं असतं.

"आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे" यावर गाडी अडकली असेल तर चूक तुमची नाही. प्रत्येक नेटवर्ककडे वाटायला ठरावीक पत्ते असतात. एकाच वेळी दोन गाड्या लागल्या आणि प्लॅटफॉर्म भरला की ते संपू शकतात. गर्दी ओसरल्यावर पुन्हा जोडून बघा.

"साइन इन करा" असं येतं पण पानच उघडत नाही, हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. हा नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. वाय-फायला जोडल्याबरोबर फोन गुपचूप एक चाचणी घेतो. अ‍ॅन्ड्रॉइड गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो आणि 204 हा कोड परत येतो का ते बघतो. आयफोन ॲपलच्या एका पानावर जातो, तिथे "सक्सेस" एवढा शब्द मिळायला हवा. अपेक्षित उत्तर आलं तर नेट आहे. भलतंच पान आलं तर फोन समजतो की मध्ये लॉगिनचं दार आहे, आणि तुम्हाला ते पान दाखवतो. काहीच उत्तर आलं नाही तर फोन ते नेटवर्क निरुपयोगी ठरवून मोबाइल डेटावर जातो.

आता घोळ बघा. तुम्ही ब्राउझरमध्ये नेहमीची साइट उघडता, ती एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणीची असते. ती जोडणी मध्येच वळवून लॉगिन पानाकडे नेता येत नाही. कुणी तसं करू पाहिलं तर ब्राउझर लाल इशारा देतो, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून वाय-फायला जोडलेलं असताना पत्त्याच्या पट्टीत नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाइप करा, इंग्रजीत. ही साइट मुद्दाम साध्या, असुरक्षित जोडणीवर ठेवलेली आहे, त्यामुळे नेटवर्कला तुम्हाला लॉगिनकडे वळवता येतं. व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवून नेणारं ॲप) चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत बंद ठेवा. फोनची तारीख आणि वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित पानं उघडतच नाहीत. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेल्या जुन्या फोनमध्ये हे मी बऱ्याचदा बघतो.

लॉगिन झालं, दोन मिनिटं चाललं, आणि गेलं? मोबाइल डेटा बंद करून बघा. आजचे फोन वाय-फाय जरा मंदावलं की स्वतःहून डेटावर उडी मारतात. सॅमसंगमध्ये वाय-फायच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये "मोबाइल डेटावर स्विच करा" असा पर्याय मिळेल, आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या यादीत अगदी तळाशी "वाय-फाय असिस्ट" आहे. ज्याच्याकडे भरपूर डेटा आहे त्याला ही सोय कळतही नाही. ज्याचा दिवसाचा डेटा संपलाय, त्याचा फोन मात्र चालतं वाय-फाय सोडून रिकाम्या डेटाकडे धावतो.

आयफोनवाल्यांनी आणखी एक बघायचं. आयओएस 18 पासून खुल्या नेटवर्कवर फोनचा खासगी वाय-फाय पत्ता ठरावीक काळाने बदलतो. लॉगिनवाली नेटवर्क तुमचा फोन सहसा याच पत्त्यावरून ओळखतात. पत्ता बदलला की त्यांच्या लेखी तुम्ही नवीन गिऱ्हाईक, पुन्हा नंबर, पुन्हा ओटीपी. रोजच्या जाण्यायेण्याचं, भरवशाचं नेटवर्क असेल तर तेवढ्यापुरता तो पत्ता "फिक्स्ड" ठेवा. बाकी ठिकाणी बदलू द्या, ती सोय तुमच्यावर कुणी पाळत ठेवू नये म्हणून दिलेली आहे.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर ते नेटवर्क "विसरा" करून नव्याने जोडा. "नेटवर्क रीसेट" अगदी शेवटचा उपाय, कारण त्यात घरच्या वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्याही जातात. आणि सार्वजनिक वाय-फायसाठी फॅक्टरी रीसेट? कधीच नाही. कुणी सुचवला तर फोन परत घ्या आणि घरी या.

रेल्वे स्टेशनच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असायला हवी. रेलटेलच्या, म्हणजे रेल्वेच्या सरकारी टेलिकॉम कंपनीच्या, वाय-फायवर रोज पहिली 30 मिनिटं फुकट असतात. 2021 च्या मार्चमध्ये त्यांनी त्यापुढच्या वापराचे पैसे भरून घ्यायचे प्लॅन आणले, तेव्हा सुरुवात 10 रुपयांपासून होती. म्हणजे अर्ध्या तासाने नेट गेलं तर फोनने ते "सोडलेलं" नाही, तुमची वेळ संपलेली आहे. पण लॉगिनचं पान एकदा मिटलं की हे प्रवाशाला सांगणार कोण?

आता मला जे खरं बोलायचंय ते. मुंबई सेंट्रलला 2016 च्या जानेवारीत गूगल आणि रेलटेलने हे फुकट वाय-फाय सुरू केलं, तेव्हा प्लॅटफॉर्मवर बसून सिनेमे उतरवणारी पोरं सगळ्यांनी बघितली. 2018 मध्ये 400 स्टेशनं झाली. त्याच वर्षी एर्नाकुलमच्या एका हमालाची बातमी आली होती. कानात इअरफोन घालून, ओझी वाहता वाहता स्टेशनच्या वाय-फायवर धडे ऐकून त्याने केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केली होती. 2020 मध्ये गूगलने अंग काढून घेतलं, एक कारण असं दिलं की मोबाइल डेटा आता स्वस्त झालाय. रेलटेलने ते काम पुढे नेलं, आज 6,100 हून जास्त स्टेशनांवर ही सोय आहे, आणि त्याबद्दल मला खरोखर आदर आहे. पण डेटा स्वस्त झाला हे सगळ्यांसाठी खरं नाही. 2024 च्या जुलैत खासगी कंपन्यांनी दर वाढवले, त्यानंतर माझ्याकडे "दादा, सगळ्यात छोटा कुठला?" असं विचारत रिचार्जला येणारी माणसं वाढली.

फुकट वाय-फायची गरज कुणाला आहे? रिचार्ज संपलेल्याला. आणि लॉगिनला लागतो ओटीपी. रिचार्ज संपून काही दिवस गेले की इनकमिंगही बंद होतं, एसएमएस येत नाही, म्हणजे दार उघडत नाही. परदेशातून सुट्टीला आलेल्या आपल्या माणसांचीही तीच गत. परदेशी सिम, भारतीय नंबर नाही, विमानातून उतरल्यावर घरच्यांना "पोचलो" एवढंही कळवता येत नाही. वापरणारा कोण याची नोंद सरकारला हवी, ते मला मान्य आहे. पण मग स्टेशनवर माणूस बसलेल्या खिडकीवर ओळखपत्र दाखवून कूपन का मिळू नये?

तांत्रिक उपायही कुणी नव्याने शोधायचा नाही. नेटवर्कने जोडतानाच फोनला "लॉगिनचं पान या पत्त्यावर आहे, एवढी वेळ शिल्लक आहे" असं सांगण्याची पद्धत 2020 मध्ये जागतिक मानक म्हणून ठरली, आणि अ‍ॅन्ड्रॉइड 11 आणि आयओएस 14 पासून फोनमध्ये ती आहे. फोन तयार आहेत. ती व्यवस्था आपल्या बाजूने चालू करायचं काम वाय-फाय लावणाऱ्याचं आहे. ते होईपर्यंत निदान एक बोर्ड लावा: नेटवर्कचं नेमकं नाव, लॉगिन पानाचा पत्ता, फुकट वेळ किती, तक्रार कुठे. नाव लिहिलेलं असलं की त्याच्याशी मिळतंजुळतं नाव देऊन बसलेले भामटेही ओळखू येतील. लॉगिनच्या पानावर कुणी बँकेचा पासवर्ड किंवा यूपीआय पिन मागितला तर ते नेटवर्क लगेच सोडा. आणि ब्राउझरचा लाल इशारा "तरीही पुढे जा" म्हणून कधीच ओलांडू नका.

2020 च्या 9 डिसेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. जुन्या पिवळ्या पीसीओसारखी, किराणा दुकानदारालाही लायसन्स न काढता वाय-फाय विकता येईल अशी ही योजना. त्यात एकदा ॲपमध्ये नोंदणी केली की प्रत्येक ठिकाणी नव्याने ओळख पटवावी लागू नये, हा विचार मला फार पटतो. माझ्यासारख्या छोट्या दुकानदारांनी यात उतरावं असं वाटतं. आपल्या दारात नेट तुटलं तर गिऱ्हाईक समोर उभं राहून जाब विचारतं, म्हणून आपण ते नीट ठेवू.

तुमच्याकडे काय होतंय ते खाली लिहा. फोनचं मॉडेल, ठिकाण स्टेशन आहे की बस स्टँड की दवाखाना, आणि स्क्रीनवर आलेला मजकूर जसाच्या तसा. स्क्रीनशॉट टाकलात तर आपला नंबर आणि ओटीपी झाकून टाका. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बसून प्रत्येकाला उत्तर देईन.