गावावरून भांडायचंय? आधी शहरात जागा बघा

कवितेत गाव आणायचं ठरवलंत ना? मग पहिलं काम, गाव सोडा. गावात राहून गावावर कविता होत नाही. लाइट जाते, मोटर जळते, आणि नेमकं यमक जुळायच्या वेळेला कुणीतरी "जरा ट्रॉलीला हात लावा" म्हणत दारात उभं राहतं.

गुरू हवाच असेल तर १८९२ सालच्या सिडनीत जा. तिथे 'बँजो' या नावाने लिहिणारे पॅटर्सन नावाचे एक वकील होते. (बँजो हे घोड्याचं नाव. टोपणनाव निवडतानाच कसं गावाकडचं निवडलंय बघा.) १८८९ मध्ये त्यांनी क्लॅन्सी नावाच्या एका गुराख्यावर कविता लिहिली. क्लॅन्सी दूर माळरानात गुरांचे कळप हाकतोय, आणि कवी शहरातल्या कोंदट कचेरीत बसून म्हणतोय, याच्याशी जागा बदलता आली तर! सुस्कारा असा टाकावा. राजीनामा टाकू नये.

एकट्याने मात्र भांडण होत नाही, समोर एक गडी लागतो. तो थोडा हलाखीतला असला तर उत्तम. पॅटर्सनला हेन्री लॉसन मिळाला: सोन्याच्या खाणीवरच्या वस्तीत जन्मलेला, लहानपणीच कान गेलेला, रंगारी म्हणून राबलेला. ९ जुलै १८९२ च्या 'बुलेटिन' साप्ताहिकात त्याने कवितेतच जाहीर केलं, की शहर सोडून आतल्या रानात जाऊन आलो, चमचमत्या नद्यांच्या जागी गढूळ डबकी बघितली, आता शहरातच राहीन, थंड काहीतरी पिईन आणि अंघोळ करीन. दोन आठवड्यांत पॅटर्सनचं उत्तर, तेही यमकात: तू दुष्काळात गेलास, पाऊस पडल्यावर त्याच वाटेने जा, गवत कसं डोलतं ते बघ, आणि नसेल झेपत तर सिडनीतच बस. हा 'पावसाळ्यात या' मुद्दा पाठ करून ठेवा, तो कुठल्याही गावाला चालतो.

ऑगस्टमध्ये लॉसनने जे विचारलं ते मात्र तुम्हाला कुणी विचारू नये अशी प्रार्थना करा. त्याने विचारलं, खरं सांग, बदलशील का क्लॅन्सीशी जागा? आम्हाला तर वाटतं, क्लॅन्सीच आनंदाने तुझी जागा घेईल. आता कचेरीतला माणूस यावर काय बोलणार? पण हरकत नाही, तोवर डायसन, केना असे आणखी कवी मैदानात उतरले होते. गर्दी झाली की मूळ प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही.

आता धंद्याची गोष्ट. १९३९ मध्ये म्हाताऱ्या पॅटर्सननी सांगून टाकलं, की कल्पना लॉसनचीच होती. आपण दोघं एकमेकांविरुद्ध लिहू, संपादक थांबवेपर्यंत तीन-चार कविता तरी खपतील. पैसे मिळायचे छापून आलेल्या जागेप्रमाणे! एक कबुलीही दिली: मी रान बघितलं घोड्यावरून, जेवण आयतं मिळायचं, लॉसनने पायी बघितलं आणि स्वतः रांधून खाल्लं. कबुली द्यायला सत्तेचाळीस वर्षं लागली तरी चालतात, हेही लक्षात ठेवा.

फक्त संपादकापासून जपा. 'बुलेटिन'च्या आर्चिबाल्डने त्याच वर्षी लॉसनच्या हातावर पाच पौंड आणि बर्क या दूर रानातल्या गावचं रेल्वेचं तिकीट ठेवलं. गडी गेला. नुसता गेला नाही, तर ऐन उन्हाळ्यात बर्कहून हंगरफर्डपर्यंत दोनशे किलोमीटरहून जास्त पायी चालला आणि तसाच परत आला. नंतर त्याच्या कथांमध्ये जी धूळ दिसते ती तिथली. वाचवत नाहीत इतक्या खऱ्या. तुम्ही असलं काही करू नका, निसर्गकविता कायमची हातची जाईल.

आणि कीर्तीची काळजी नको. बायकोला द्यायची पोटगी थकली म्हणून ज्याला तुरुंगात टाकलं, त्याच लॉसनचा चेहरा १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर आला. १९९३ मध्ये नोट प्लॅस्टिकची झाली आणि तिच्यावर पॅटर्सन आले. म्हणजे शेवटी जागेची अदलाबदल झाली, फक्त क्लॅन्सीशी नाही.

तुमची नोट निघेपर्यंत एवढंच करा: मानधन कवितेमागे की ओळीमागे, हे संपादकांना आधी फोन करून विचारा. ओळीमागे असेल तर आणखी दोन कडवी पाऊस पाडता येईल.