सव्वा तासाचं विमान, जे उडतच नाही

"उलुरू बघून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला आलात की कूबर पिडी हाकेच्या अंतरावर! फक्त 600 किमी. विमानाने सव्वा तास, गाडीने सहा. घड्याळही बदलावं लागत नाही. सकाळी जा, जमिनीखालची घरं बघा, संध्याकाळी परत." ऑस्ट्रेलियाची सहल आखणाऱ्यांच्या गटांत हा मजकूर हातोहात फिरतोय. उलुरू म्हणजे वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक; अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातलं गाव, आणि कूबर पिडी त्याच्या दक्षिणेला, साउथ ऑस्ट्रेलिया प्रांतातलं. एकेक आकडा बघू.

600 किमी? बरोबर. पण हे हवाई अंतर. स्टुअर्ट हायवेने जायचं तर सुमारे 690.

विमानाने सव्वा तास? इथे खरी गोम आहे. हा वेळ कुठल्या वेळापत्रकातला नाही. अंतर सांगणारी संकेतस्थळं नकाशावरच्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ मारतात, तिला मोठ्या जेटच्या वेगाने भागतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास वर टाकतात. त्या रेघेवर विमान आहे का, हे कोणी विचारतच नाही. आणि ते नाही. कूबर पिडीची प्रवासी विमानसेवा आहे ती दक्षिणेला अ‍ॅडलेडशी. म्हणजे अ‍ॅलिसहून आधी कूबर पिडीला उजव्या हाताला सोडून सुमारे 1,300 किमी अ‍ॅडलेडला जायचं, मग छोट्या विमानाने 750 किमी मागे यायचं. 600 किमीसाठी 2,050! नुसतं हवेत चार तास जातात, शिवाय जोडविमान त्याच दिवशी मिळालं तर मिळालं. चार्टर करता येतं म्हणा, पण चार-सहा आसनी विमान जेटच्या वेगाने जात नाही. ताशी 300 धरा, दोन तास झाले. खिशाचं मी बोलत नाही.

गाडीने सहा तास? हिशेब करू. नॉर्दर्न टेरिटरीत कमाल वेग 130, सरहद्दीपर्यंत साधारण 295 किमी. पुढे साउथ ऑस्ट्रेलियात 110 आणि उरलेले 395. बेरीज सहा तासांच्या आसपास येते खरी, पण पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदाही न उचलता! लांबी आपल्या समृद्धीएवढीच, पण समोरून येणाऱ्यांत आणि आपल्यात बहुतेक ठिकाणी फक्त पांढरी रेघ. पुढे 53 मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक, लागली की ओव्हरटेकसाठी धीर धरावा लागतो. वाटेतल्या मार्ला या थांब्यानंतर कूबर पिडीपर्यंत 230 किमी आहेत, टाकी भरूनच निघायचं. साडेसात-आठ तास धरा.

म्हणजे संध्याकाळी परत येणं बादच. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, आणि भाड्याची गाडी गावाबाहेर अंधारात चालवायला बऱ्याच कंपन्यांची परवानगीच नसते.

घड्याळ? एप्रिल ते ऑक्टोबर दोन्हीकडे सारखं, आपल्यापुढे चार तास. तिथल्या उन्हाळ्यात (ऑक्टोबर ते एप्रिल) मात्र साउथ ऑस्ट्रेलिया घड्याळ तासभर पुढे करतं, टेरिटरी करत नाही. डिसेंबरात सकाळी आठला अ‍ॅलिस सोडलंत आणि आठ तास लागले, तर तिथे पाच वाजलेले असतील.

"मग गॅन रेल्वेने जाऊ," असंही कोणीतरी त्याखाली लिहिलंय. अ‍ॅडलेड-डार्विन धावणारी ही गाडी मंगुरीला थांबते, कूबर पिडीपासून 40 किमीवर, आणि तेही डार्विनहून अ‍ॅडलेडला निघालेल्या लांब सहलीतल्या प्रवाशांना फिरवून परत डब्यात बसवण्यासाठी. त्यापेक्षा स्वतःची गाडीच बरी. कूबर पिडीत एक मुक्काम ठेवा, जमिनीखालीच.